बादलीतलं शेवाळ

सान्तियागो (चिली), ३ जून २०१८

ती. नेलिदाताईस, योलेइदाचा सा. न. वि. वि.

आशीर्वाद दे आणि नाक धरून वाच. या कागदालाही रॉकेलचा वास लागला असेल. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि थंडीत घरातच रॉकेलची शेगडी पेटवतात. केस, उशी, मार्येलिसचा शाळेचा गणवेश, सगळ्याला तोच वास. मराकाइबोत आपण दिवसातून दोनदा अंघोळ करणारी माणसं. इथे भिंतीला बुरशी, आणि अंघोळ जरा लांबली की गॅस जळतो म्हणून घरमालकीण न्हाणीघराबाहेर उभी राहून खोकते.

या रुदेसिंदाबाई एकट्याच असतात. चहाची एकच पुडी दोनदा बुडवतात, कवळी पेल्यात काढून ठेवतात. आणि न्हाणीघरातल्या बादलीत समुद्रातलं शेवाळ भिजत घालतात: जाड, तपकिरी, आतड्यासारखं बुळबुळीत. ते शिजवून खातात, ताई! मला ओकारी येते. वर आईची कॉफीची कापडी गाळणी खिळ्याला पाहून मलाच विचारतात, हा कुणाचा मळका मोजा.

लेकरू असलेल्या परदेशी बाईला दुसरं कुणी खोली देत नाही, म्हणून दात आवळून राहते आहे. आईला नमस्कार. माया तेवढी धाडत राहा, तिला वास नसतो.

तुझी योलेइदा

मराकाइबो (व्हेनेझुएला), १७ जून

चि. योलेइदा हिस अनेक आशीर्वाद.

पार्सलवाल्या बाईंनी तुझं पत्र पोचवलं. वीज गेली होती, म्हणून अंगणात बसून आईला वाचून दाखवलं. म्हणाली, ही पहिल्यापासूनची महाराणी. मावशीकडे पाणी पितानाही पेल्याची कड पुसायची. गाळणीला मोजा म्हटलेलं मात्र तिला लागलं. इथे नळाला पाणीच नाही, त्यामुळे तुझ्या अंघोळीच्या गाऱ्हाण्याचं आम्हाला फारसं दुःख झालं नाही.

बये, नाक हवं तेवढं मुरड, पण तोंड उघडू नकोस. भर थंडीत पोरीला घेऊन कुठे जाशील? मार्येलिसला सांग, तिथली मुलं हसली तरी मोठ्यांचा आशीर्वाद मागायची सवय सोडायची नाही.

तुझी वाट पाहणारी ताई

सान्तियागो, १ जुलै

ती. ताईस सा. न.

तोंड उघडलं नाही, हात चालवला.

काल लाँड्रीत दिवसभर परक्यांच्या चादरींचे डाग घासून आले. अंघोळीला गेले, तर बादलीत ते शेवाळ आणि वर फेस. उचललं आणि कचऱ्यात टाकलं. स्वयंपाकघरात खिळ्याला त्याचीच वाळलेली जुडी होती, तीही टाकली. कचऱ्याची गाडी येऊन गेली. सडलं होतं म्हणून सांगणार होते.

बाई ओरडल्या नाहीत. रिकाम्या खिळ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, की धाकटा भाऊ एलेउतेरियो खडकांवर उतरून ते कापायचा आणि दर वर्षी एक जुडी पाठवायचा. मागच्या हिवाळ्यात तो गेला. ही शेवटची जुडी त्या पुरवून पुरवून खात होत्या. मग म्हणाल्या, जुलैअखेर दुसरी जागा बघ.

मला लाज वाटायला हवी होती. पण हाताच्या वासाचीच किळस येत होती, आणि मग माझीच किळस आली. आज दोन ठिकाणी खोली विचारली. पोरगी आहे म्हटलं की दार बंद.

रागाव, पण लिही.

तुझी योलेइदा

मराकाइबो, १४ जुलै

चि. योलेइदा हिस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

एकच विचारते. तो मोजा त्यांनी फेकला का?

आई म्हणते, तोंडदेखली माफी नको. हातांनी टाकलंस ना, मग हातांनीच परत आण. मार्येलिसच्या छातीला तेल चोळत जा.

रागावलेली, तरी तुझीच ताई

सान्तियागो, ५ ऑगस्ट

ती. ताईस योलेइदाचा सा. न. वि. वि.

गाळणी खिळ्यावरच आहे. एकदा खाली पडली, तेव्हा बाईंनी तोंड वाकडं करून, दोन बोटांत धरून ती परत टांगली. मी पाहिलं होतं.

मग एका रविवारी बाजारातून जुडी आणली. स्वतः भिजवली, धुतली. बोटांतून सारखी निसटायची. दोनदा तोंड दाबून बाहेर पळाले. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. फार जाड कापतेस, एवढंच म्हणाल्या. बटाटे घालून शिजवलं. पहिला घास घेऊन म्हणाल्या, याला एलेउतेरियोच्या शेवाळाची सर नाही. मी म्हटलं, मला फरक कळायचा नाही, दोन्ही घाणच. तर म्हणाल्या, ओकायचं असेल तर न्हाणीघर तिकडे आहे. मी ताट संपवलं. घाणच लागलं, ताई. खाऱ्या पाण्यात उकडलेलं रबर.

नंतर मी गाळणीतून कॉफी केली. बाईंनी त्या मोज्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि प्याल्या.

झोपायला जाताना मार्येलिसने त्यांच्याकडे आशीर्वाद मागितला. हिला काय हवंय ते त्यांना कळेना. आपली पोरं उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाहीत, तशी ही दारातच उभी. शेवटी काय म्हणायचं ते मी सांगितलं. मग म्हणाल्या, देव तुझं भलं करो, आता दार लाव, ऊब बाहेर जाते.

महिना उलटला. जागेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. कालच म्हणाल्या, पुढच्या रविवारी बाजारात त्याही येतील, कारण म्हणे मला चांगलं शेवाळ ओळखता येत नाही.

बादली न्हाणीघरातच आहे. अंघोळीआधी मी ती उचलून बाहेर ठेवते, आणि अंघोळ झाली की, नाक धरून, परत जागेवर.

आईला सांग. तुमची माया असू द्या.

तुझी योलेइदा