कोऱ्या कागदांवरच्या सह्या

हिंगोली, डिसेंबर २००१, मंगळवार संध्याकाळ

"जाऊबाई, मला सही करायला शिकवा." लग्न होऊन आली तेव्हा माझी धाकटी जाऊ कमल म्हणाली होती. मीच शिकवली. आज ती नगराध्यक्ष झाली, थेट लोकांच्या मतांनी. मिरवणुकीत गुलाल मात्र तिच्या नवऱ्यावर उधळला. ही घरात चहा गाळत होती. मघाशी पाहिलं तर ओट्यापाशी बसून कोऱ्या कागदांवर सह्या करतेय. गठ्ठाभर.

"काहून करून राहिलीस गं?"

"हे म्हणले, तुला रोज हापिसात यायची तकलीफ नको." आणि हसली.

किती वळणदार सही. कशाला शिकवली मी?

तिचं उत्तर ठाऊक आहे, तरी उद्या विचारणार: कमल, पहिल्या दिवशी तरी त्या खुर्चीवर तू स्वतः जाऊन बसशील का?