घर आज वर की खाली?

६ मे

आलं एकदाचं श्रावणीचं पार्सल! बाबांसाठी घड्याळ — वेळेबरोबर उंचीही दाखवणारं. चांगली नोकरी सोडून, घरात न विचारता, पोरगी विमान चालवायला शिकायला मध्य प्रदेशात गेली. तेव्हापासून हे तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. सात महिने! घड्याळ हातात घेतलं, म्हणाले, "खेळणं आहे." ठेवून दिलं. मीच ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. असू दे डोळ्यांसमोर.

८ मे

काल आमचं घर सहाशे मीटरवर होतं, आज सहाशे वीस! श्रावणीला फोन केला तर हसत सुटली. "अगं आई, ते हवेचा दाब मोजतं. वर चढलं की दाब कमी होतो, एवढंच त्याला ठाऊक. हवा बिघडली की जागच्या जागी दाब उतरतो — आणि त्याला वाटतं आपणच वर गेलो!"

म्हणजे घर वर गेलं की पाऊस. सोप्पं की!

१० मे

खरंच आला वळीव. आता उत्रोलीच्या सोजराबाई दूध घालायला आल्या की आधी विचारतात, "बाई, आज घर वर हाय का खाली?" भाचीच्या लग्नाच्या कुरडया त्यांना आमच्या गच्चीवर वाळवायच्यात. मी ऐटीत सांगते. भोरची वेधशाळाच झालेय मी!

१२ मे

पुढच्या आठवड्यात श्रावणी एकटी उडणार. शेजारी शिकवणारे सर नाहीत, कुणी नाही. फोन स्पीकरवर होता. म्हणाली, "जिथं उतरायचं तिथला आजचा दाब विचारून यंत्रात लावायचा. नाही लावला आणि तिथला दाब उतरलेला असला, तर यंत्र म्हणतं अजून उंच आहोत — आणि जमीन जवळ आलेली असते!"

हे समोरच नखं काढत बसलेले. मान वर केली नाही.

"बाबा आहेत का गं?"

"बाहेर गेलेत," म्हटलं. काय सांगणार? लेकीशी खोटं बोलायला लावतो हा माणूस! राग राग आला ह्यांचा. एका घरात दोन हट्टी, आणि मधे मी.

१४ मे

घर चक्क चाळीस मीटर खाली! सोजराबाईंना म्हटलं, घाला खुशाल.

१५ मे

काल दुपारी धो धो! कुरडयांचा नुसता लगदा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोजराबाई मात्र हसतायत — "बाई, तुमचं घर दाव्यानं बांधून ठिवा, लई हिंडतंय! कुरडया म्हशीनं खाल्ल्या. जाऊ द्या, परत करू."

गव्हाचा चीक मीच ढवळून देणार आहे. घड्याळ बिघडलंय. आजही खालीच दाखवतं. बघणं सोडलं.

१८ मे

परवा उडणार. जेवण जात नाही. हे म्हणाले, "आमटी अळणी आहे." एवढंच सुचतं ह्यांना!

२० मे, सकाळ

आत्ता तिचा फोन. "आई, निघाले. आज इथला दाब एक हजार दोन. लावलाय नीट, तू काळजी करू नकोस."

देवापाशी दिवा लावायला आत आले, नजर खिळ्यावर गेली. घड्याळात खाली बारीक आकड्यांत लावलेला दाब असतो. एक हजार दोन! मी तर त्या आकड्याला कधी हातच लावला नाही. आणि पार्सल आलं तेव्हा आकडा मोठा होता; तो कमी केला की घर खाली दिसणारच.

मग कळलं. चौदा तारखेपासून घर का बुडतंय ते कळलं. बाहेर हे पेपर धरून बसलेत. चष्मा कपाळावर आहे.

चहा दिला. डोळे पुसले.

२० मे, दुपार

उतरली! सुखरूप! मी "बाळा" म्हणतेय तोवर ह्यांनी फोन काढून घेतला.

"टेकल्यावर तिथल्या जमिनीची उंची बरोब्बर दाखवली ना गं?"

"हो... बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"रोज मोबाइलवर बघून लावतो ना मी. तुझ्याकडचा दाब."