नळाचा कॉक आणि तीन खोल्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंद्याने प्लंबर, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कंप हाताला आहे, डोक्याला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करणार नाही.

१. माझे पाने, पाईप कापायची करवत आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या वायसरांचा डबा मुलीला द्यावा. चिरंजीवांना नळ कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो हे अजून विचारावे लागते. या वायसरांवरून गल्लीने मला ‘वायसरभाऊ’ नाव ठेवले. ठेवू दे. त्यांचे नळ वर्षानुवर्षे गळत राहिले, माझा एकही नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. ती आली कुठून, याचे नातेवाइकांना भारी कुतूहल. भाज्या धुतलेल्या पाण्याने फरशी पुसली, आंघोळीचे पाणी पाईप टाकून परसातल्या झाडांना दिले, फाटक्या चादरींच्या पिशव्या शिवल्या, रिकाम्या खोलीत कधी दिवा जळू दिला नाही. त्यातूनच आली. धाकट्या भावाने मला चारचौघांत कंजूष म्हटले आणि पुढच्याच महिन्यात माझ्याकडून पाण्याची टाकी फुकट बसवून घेतली. त्याला काहीही देऊ नये. टाकी काढून मात्र आणू नये.

३. हे तीन खोल्यांचे घर, परसासह, माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते मी सूनबाईच्या नावे करतो. एकटीच्या. इथवर वाचून चिरंजीवांनी कपाळाला हात लावला असेल, म्हणून कारण लिहितो.

बाथरूमच्या नळामागचा कॉक मी एके वर्षी पाऊण बंद केला आणि वर पत्र्याची पट्टी ठोकली. कोणाला सांगितले नाही. धार करंगळीएवढी यायची, पाणी वाचायचे, मी मनात खूश. पुढे बायकोचे गुडघे गेले, ती स्टुलावर बसून आंघोळ करू लागली. एक दिवस कामावरून आलो तर सूनबाई माझ्याच पान्याने ती पट्टी उचकटत होती. मी ओरडलो, “कोणाला विचारून?”

ती म्हणाली, “बाबा, बादली भरेपर्यंत आई कुडकुडत बसतात. अर्ध्या बादलीत उरकून बाहेर येतात. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या. पाणी मीही वाचवते, पण आईंच्या अंगावरचं नाही.”

मी तिच्याशी महिनाभर अबोला धरला. बायको त्यानंतर दोनच हिवाळे जगली. ते दोन तरी तिने भरल्या बादलीने आंघोळ केली. त्याआधीच्या हिवाळ्यांची मला लाज वाटते, आणि तिची माफी मागायची राहून गेली.

परस बुजवून वर मजले चढवायचा चिरंजीवांचा बेत मला ठाऊक आहे. सूनबाई त्या झाडांना आजही भांडी विसळलेले पाणी घालते, आणि आजारी माणसाला गरम पाण्याची बादली काठोकाठ देते. हात कुठे आखडायचा आणि कुठे नाही, हे या घरात तिलाच कळते. यावर कोणी कोर्टकचेरी केल्यास त्याचा बँकेतला वाटाही तिलाच जाईल. कोणी कितीही गळ घातली तरी मी हे बदलणार नाही. अंमलबजावणी मुलीने करावी.

४. अबोला सुटला, पण ‘चुकलो’ हे मी सूनबाईला कधी म्हणालो नाही. घर ही त्याची भरपाई नव्हे. ते तिच्या शहाणपणासाठी आहे. माफी वेगळी. सूनबाई, माझे चुकले. हे तिला मी मेल्यावर वाचावे लागू नये, म्हणून सही झाली की लगेच स्वयंपाकघरात जाऊन तिला तोंडाने सांगणार आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. दिनांक ११ जानेवारी, सकाळी दहा.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचा औषधवाला. (सही)

साक्षीदार २: शेजारच्या निवृत्त शिक्षिका. (सही)
शेरा: आमच्या समक्ष सही करून ते भिंतीचा आधार घेत आत गेले. सांगितले. आम्ही दोघांनी ऐकले.