एक फेरी बाहेर

१३ जानेवारी १९८६
आज सायंकाळी शाळेच्या हॉलमध्ये मनकर्णाने माझ्यापुढे हात केला, आणि माझं जे व्हायचं ते तिथेच झालं! हात म्हणजे — रुमालाचं टोक. या नाचात जोडीने हात धरायचा असतो. ब्रह्मपुरीत कोण धरू देणार? म्हणून रुमाल.

इंदुताई आमच्या इंग्रजीच्या बाई. वर्षभर विलायतेत राहून आल्या, येताना तिथल्या खेड्यातला तीनशे वर्षांपूर्वीचा नाच कॅसेटसकट घेऊन आल्या. गॅदरिंगला आम्ही माजी विद्यार्थ्यांनी तो करायचा. चार पोरं, चार पोरी, समोरासमोर रांगा. पुढे या, वाका, मागे जा. याला नाच म्हणतात! रॉकेलच्या रांगेत यापेक्षा जास्त हालचाल असते.

१६ जानेवारी
इंदुताई : "पाय आपटू नको रे, दंडार नाही ही!"
गावच्या दंडारीत ढोलकीवर नाचलेले पाय आहेत, बाई. मांजरासारखे कसे पडतील?
श्रीहरीचे पडतात. बँकेतला कारकून — बूट चकचकीत, चेहरा शाई संपलेल्या शिक्क्यासारखा.

२० जानेवारी
नियम म्हणे असा — दर फेरीला जोडी एक जागा सरकते, पुढच्या जोडीशी नाचते. म्हणजे मनकर्णाला श्रीहरी फिरवणार! मी रुमाल सोडलाच नाही. चार जण एकमेकांवर आदळले.
"सोड नं!" ती ओरडली.
श्रीहरी म्हणतो, "कॉलेज पटकन सोडलं गड्या, रुमाल सुटून नाई राह्यला काय?"
सगळे हसले. तीसुद्धा.

२२ जानेवारी
इंग्रज गेले ते असलं नाचून कंटाळले म्हणूनच.

२५ जानेवारी
झालं गॅदरिंग. रांगेच्या टोकाला पोचलेल्या जोडीने एक फेरी बाहेर नुसतं उभं राहायचं असतं. त्या फेरीवर मी पाच दिवस टपून होतो. म्हटलं, "या माकडचाळ्यांत मी फक्त तुझ्यासाठी —"
ती लोकांकडे बघत, हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाली, "ठाऊक हाय मले. उद्या दुपारी श्रीहरीच्या घरचे येऊन राह्यले मले पाहाले. तू नुसता सगळ्यायले नावं ठेवून राह्यला. माह्या बापाशी एक शब्द तरी बोलला काय?"
फेरी संपली. तिने रुमालाचं टोक पुढे केलं. रुमाल तिचा; नाच संपल्यावर तिने तो परत मागितला नाही.

२६ जानेवारी, सकाळी सात
बाबा म्हणाले, "मास्तरशी भांडून कॉलेज काऊन सोडलं, हे विचारतीन मनकर्णाच्या घरचे."
विचारू द्या.
बाबा धुतलेलं धोतर नेसून अंगणात उभे आहेत. रुमाल खिशात आहे. वही ठेवतो. दार ओढून घेतो.