लोकेशच्या वेबसाइटवरचं तळं

कुडवा, गोंदिया
१२ जून २०१३

प्रिय लोकेश,

सप्रेम जय भीम. आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाबा गुडघ्याच्या इलाजासाठी माझ्याकडे आले आहेत, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. गुडघे बरे आहेत त्यांचे.

परवा तुझ्या भाऊजींनी मोबाइलवर तुझी वेबसाइट उघडून दाखवली. दुकानांची सॉफ्टवेअरं, शाळांच्या वेबसाइटी, पुलाचं फिरवून बघायचं मॉडेल, आणि सगळ्यात वर आपल्या गावच्या तळ्याचा नकाशा. छान दिसतो.

तो काढताना तू बाबांना फोन करून विचारलं होतंस, पाणी पूर्वी कुठवर यायचं. बाबांना मोठेपणा सांगायची हौस. "आपल्या उंबरठ्याले लागे," म्हणाले. कधीच लागलं नव्हतं रे. लागलं असतं तर आजोबांनी तिथे घर बांधलं असतं का? एवढा शिकलास, पण हे तुझ्या डोक्यात आलं नाही. तू पाण्याची निळी रेघ सरळ उंबरठ्याच्या आत ओढलीस.

दिवाळीनंतर सरपंच ईश्वरदास तोच नकाशा छापून ग्रामसभेत घेऊन आले. भर सभेत बाबांना विचारलं, हा तुमच्याच मुलाचा ना?

बाबा उठून उभे राहिले. "माह्याच पोराचा आहे. त्याचं काम चुकत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तळ्यातलं अतिक्रमण काढायच्या ठरावाखाली बाबांनी सहीसुद्धा केली. त्या रेघेच्या आत फक्त आपलं घर येत होतं, हे त्यांना जेसीबी आला तेव्हा कळलं. तुला सांगायचं नाही, तुझं कामावरून ध्यान उडेल, अशी त्यांनीच मला शपथ घातली.

आता वेबसाइटवर तू लिहिलं आहेस, 'माझ्या नकाशामुळे तळं अतिक्रमणमुक्त'. खाली सरपंचांनी पाठवलेला फोटो. डाव्या कोपऱ्यात मातीच्या ढिगाऱ्यावर म्हातारा बसला आहे, ते बाबा आहेत. ढिगारा आपलं घर आहे. चार वर्षं तू गावाकडे फिरकला नाहीस.

बाबा बराच वेळ तो फोटो बघत होते. मग मला म्हणाले, "त्यानं मले वळखलं असंन का?"

मला राग आला होता. मी म्हटलं, वळखूनच टाकला असेल.

तेव्हापासून ते माझ्याशीही बोलत नाहीत. मी खोटं बोलले असेन तर येऊन त्यांच्यासमोर सांग. नसेन तर येऊ नकोस.

तुझी ताई,
रीना