लगाम सुटला तेव्हा

रविवार, दिवेलागण.

अस्मादिक अश्वारोहणविशारद आज थोडक्यात बचावले. केळझरच्या रस्त्यावर बँड वाजला आणि आमची राणी, पूर्वाश्रमीची वरातीतली घोडी, समोरून येणाऱ्या ट्रकपुढे मागच्या पायांवर नाचू लागली. मी लगाम खेचावा आणि तिने अधिकच उंच व्हावे. नाचण्याची तीच खूण तिला शिकवलेली असावी. अखेर भीतीने लगाम हातातून सुटला, तेव्हा ती शांत उभी राहिली आणि ट्रक शेजारून निघून गेला. म्हणजे माझ्या विद्येने नव्हे, भयाने मला वाचवले?

उद्या कन्या प्रथमच तिच्यावर बसणार होती. तिला म्हटले, आधी राणीचे पुनःशिक्षण होईल.

"काऊन बाबा? भेव लागते काय तुमाले?"

शास्त्रोक्त उत्तर सिद्ध होते. तरी "हो" एवढेच म्हणालो.

"मलेबी लागते," ती म्हणाली. "तुमची हौस पाहून बोलली नाई."