वांडेगेयाचा लाल ठिपका

आई अकीकी,
इथूनच गुडघे टेकून नमस्कार.

मी कंपालात मजेत आहे. शहरातला धूर वाऱ्याबरोबर कुठे पसरतो, याचा नकाशा आमचा कॉम्प्युटर काढतो. त्यात वांडेगेयाचा भाग रोज संध्याकाळी लालभडक व्हायचा. ऑफिसात सगळे म्हणाले, ट्रॅफिक. मी जाऊन बघते तर काय, हवा मोजायच्या आमच्या डब्याखालीच एक बाई कणसं भाजत बसलेली!

"मावशी, शेगडी जरा सरकवता का?"

"तूच सरकव तुझा डबा. मी आधीपासून बसते इथे."

शेवटी डबाच हलवला. कणीस मात्र झकास होतं.

तुझा खोकला कसा आहे? तूही चूल हलवायची नाहीस, माहीत आहे मला. म्हणून धाकट्या बालिंदाला स्वयंपाकघराच्या भिंतीत धूर जायला खिडकी पाडायला सांगितलंय. तो घण घेऊन आला की त्याच्यावर ओरडू नकोस.

तुझी अमोती